७० किलोत आठ जण आणि एकच रात्र: खबीब जिंकत नाही, माझं ठाम मत

रविवारची_सकाळ

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी पिंजऱ्यातली लढत, त्यातला लाइटवेट गट म्हणजे १५५ पौंड, आपल्या हिशोबात ७० किलो ३०० ग्रॅम. एमएमएमध्ये एवढा दाटीचा गट दुसरा नाही असं मला वाटतं, कुणाला वगळावं हाच प्रश्न पडतो. तर समजा प्रत्येकाला त्याच्या ऐन भरातल्या दिवसांतून उचलून आणला आणि १९९३ साली डेन्व्हरला पहिली युएफसी (आजची सगळ्यात मोठी एमएमए संघटना, तिची पहिली स्पर्धा) झाली होती तशी स्पर्धा लावली, आठ जण, बाद पद्धत, एकाच रात्रीत तीन लढती. पिंजरा आणि नियम आजचे, पाच मिनिटांचे तीन राउंड, फायनललाही तीनच. वजन आदल्या सकाळी, काटा १५५ वर, बेल्टच्या लढतीसारखं, एक पौंडाची सवलत नाही.

जोड्या अशा लावल्यात. वरच्या बाजूला खबीब (२०१८ चा) आणि टोनी फर्ग्युसन (२०१७ चा), मग चार्ल्स ऑलिव्हेरा (२०२१) आणि मॅकग्रेगर (न्यूयॉर्कला अल्वारेझला आडवा केला तो, नोव्हेंबर २०१६). खालच्या बाजूला इस्लाम मखाचेव (२०२४) विरुद्ध ताकानोरी गोमी (२००५) आणि बी. जे. पेन (२००९) विरुद्ध इलिया टोपुरिया (२०२५).

आता माझं म्हणणं. एका रात्रीत एकच लढत असेल तर खबीब ह्यातल्या कुणालाही हरवेल, २९-० (२९ लढती, एकही हार नाही) काय उगाच नाही. पण तीन? पहिलीच टोनीशी. टोनीला पाडता येतं, पण पडलेला टोनी पाठीवरून कोपरं चालवतो आणि समोरच्याचं कपाळ फोडतो, पेटिसशी लढला तेव्हा दोघंही रक्ताने माखलेले आठवत असतील. खबीब जिंकेल पण पंधरा मिनिटं मोजून आणि बहुतेक भुवई फाडून घेऊन, कारण त्याची पद्धतच ती आहे, तो माणसाला हळूहळू बुडवतो आणि बुडवायला वेळ लागतो. ऑलिव्हेराला वेळ लागत नाही. युएफसीत सगळ्यात जास्त सबमिशन (गळा किंवा सांधा आवळून हार मानायला लावणं) त्याच्या नावावर, सगळ्यात जास्त फिनिश (निर्णयापर्यंत न जाता संपवलेल्या लढती) पण त्याच्याच. तो मॅकग्रेगरला चार मिनिटांत संपवून टॉवेल घेऊन बसलेला असेल आणि खबीब तेव्हा टाके घालून घेत असेल. म्हणून माझा विजेता ऑलिव्हेरा.

बोला.

दागिस्तानचा_चाहता

भावा तू स्पर्धा अशी लावलीस की खबीब हरायलाच पाहिजे. पहिल्या फेरीत टोनी त्याच्याच गळ्यात का? आणि तुझा विजेता तर ह्याच आठांतल्या दोघांकडून खरोखर हरलाय, २०२२ ला अबुधाबीत इस्लामने दुसऱ्या राउंडला गळा धरला, २०२५ च्या जूनमध्ये टोपुरियाने पहिल्या राउंडला अडीच मिनिटांच्या आत झोपवला. हे झालेलं आहे, कल्पना नाही.

दुसरं, खबीबला वेळ लागतो म्हणतोस, ऑक्टोबर २०२० आठव. गेथजी त्या वर्षी टोनीला पाच राउंड बडवून आला होता आणि खबीबने त्याला दुसऱ्या राउंडच्या दीड मिनिटात ट्रँगलमध्ये, म्हणजे पायांच्या कडीत गळा धरून, आवळला. वडील जाऊन चार महिने पण झाले नव्हते. लढत संपल्यावर मॅटवर डोकं टेकवून तो जो रडला आणि ग्लोव्ह्ज मधोमध काढून ठेवले, मी त्या रात्री एकटाच जागा होतो घरात, माझ्याही डोळ्यात पाणी आलं. अशा माणसाला तू पंधरा मिनिटांचा हिशोब सांगतोस?

आणि मारच खात नाही तो. तीन लढतींच्या रात्री ह्यापेक्षा मोठा गुण कुठला? ऑलिव्हेराला चॅंडलरने पाडला, पॉइरियरने पाडला, गेथजीने पाडला, प्रत्येक वेळी उठून जिंकला हे मान्य, पण एका रात्रीत तीनदा पडून तीनदा उठणार का?

बुशिदो_२००५

तुम्ही दोघं ज्या माणसाकडे बघतही नाही आहात त्याने हे काम केलेलं आहे. गोमी. २००५ ची प्राइडची (जपानची एमएमए संघटना) लाइटवेट ग्रां प्री, सप्टेंबरला एकाच दिवशी पहिली फेरी आणि सेमीफायनल. गोमीने आधी कावाजिरीला चोक केला, मग त्याच दिवशी अझेरेडोशी पूर्ण लढत लढून निर्णयावर जिंकला, आणि ३१ डिसेंबरला फायनलमध्ये साकुराईला पहिल्याच राउंडला नॉकआउट. प्राइडचा पहिला राउंड दहा मिनिटांचा होता हे पण लक्षात घ्या.

आणि पिंजरा का? रिंग ठेवा, मग बघू खबीब कुणाला कशावर दाबतो. त्याचा अर्धा खेळ जाळीवर आहे, माणसाला जाळीपर्यंत ढकलायचा, बसता करायचा, पाय दुमडून त्यावर स्वतःच्या पायाची कडी घालायची, मग मनगट पाठीमागे धरून ठोसे. दोरीवर हे होत नाही, माणूस दोरीतून बाहेर सरकतो.

दागिस्तानचा_चाहता

२००३ ला पेननेच गोमीचा गळा आवळलाय हवाईत, ते सोयीस्कर विसरलास. आणि प्राइडची मर्यादा ७३ किलो होती, गोमीला अजून पावणेतीन किलो उतरवायला लागतील, मग बघ किती ताकद उरते.

नव्याने_बघतोय

मी फार जुना नाही ह्यात पण वजनावरून आठवलं म्हणून लिहितो. आपला अंशुल जुबली रोड टू युएफसी (युएफसीत जायची स्पर्धा) मध्ये ह्याच लाइटवेट गटात स्पर्धा जिंकून युएफसीत गेला, ती पण आठ जणांचीच होती. त्यात पहिल्या फेरीत समोरच्याला वजनाचा त्रास झाला आणि लढतच झाली नाही, अंशुल थेट पुढे. बाकीच्या फेऱ्या महिन्यांच्या अंतराने, फायनल फेब्रुवारी २०२३ ला. तेव्हा स्पर्धा म्हटलं की असं पण होतं, कोण भारी ह्यापेक्षा त्या दिवशी कोण उभा आहे ह्यावर जातं.

रविवारची_सकाळ

हेच तर माझं म्हणणं! १९९४ ची तिसरी युएफसी घ्या, रॉयस ग्रेसी किमोशी लढून एवढा दमला की पुढची लढत लढूच शकला नाही, शॅमरॉक फायनलच्या आधी बाहेर पडला, आणि राखीव म्हणून बसलेला स्टीव्ह जेनम एकच लढत लढून स्पर्धा जिंकला. दोन जण खरोखर भारी होते आणि पट्टा तिसऱ्याच्या हातात. एका रात्रीची स्पर्धा ही सगळ्यात भारी माणूस शोधतच नाही, ती सगळ्यात कमी खर्च करणारा शोधते.

आणि वजनाबद्दल दागिस्तानवाल्याने बोलूच नये. मार्च २०१७ ला टोनीशी लढत होती आणि वजनाच्या दिवशी खबीब कुठे होता? हॉस्पिटलात. काटा तर दिसला पण नाही.

दागिस्तानचा_चाहता

आणि तुझ्या ऑलिव्हेराचं काय? मे २०२२, गेथजीशी लढत, काट्यावर १५५.५. अर्धा पौंड जास्त, म्हणजे पाव किलोला पण कमी, आणि बेल्ट तिथेच गेला. तुझ्याच नियमाने तो आदल्या सकाळी स्पर्धेतून बाहेर.

रविवारची_सकाळ

त्या काट्याबद्दल तेव्हा बरीच तक्रार झाली होती, बाकीच्या फायटर्सनीही केली. पण ठीक आहे, नियम मी घातलाय, मी मागे घेत नाही. आणि बेल्ट गेलेला असताना दुसऱ्या दिवशी उतरून गेथजीला पहिल्या राउंडला चोक केला ना त्याने, डोकं कुठल्या मातीचं आहे कळतं त्यावरून. लहानपणी ज्याला डॉक्टर म्हणाले होते की चालता येणं पण अवघड आहे, तो माणूस आहे हा.

सांगलीचा_पट

धागा सकाळपासून वाचतोय. मी सात वर्षं तालमीत होतो, मॅटवरच्या स्पर्धा पण केल्यात, ७० किलोतच. तर एका दिवसात अनेक कुस्त्या म्हणजे काय होतं ते सांगतो, कारण इथे सगळे दम दम करतायत आणि दम आधी जात नाही. आधी पकड जाते.

एकदा दिवसात चार कुस्त्या झाल्या. दोन आरामात जिंकलो. तिसरी अटीतटीची, समोरचा एकेरी पट (एका पायाची पकड) सोडेना, मी पण मागून घेतलेला कब्जा सोडेना. जिंकलो. श्वास दहा मिनिटांत जागेवर आला, पाय पण ठीक. पण बाटलीचं झाकण उघडेना. बोटं वळत होती पण आवळत नव्हती, मनगटापासून कोपरापर्यंत लाकूड झालेलं. वस्तादांनी दोन्ही हात चोळले, गरम पाण्याचा शेक दिला, अर्ध्या तासाने चौथीला उतरलो. दुहेरी पट काढला, दोन्ही पाय हातात होते, आणि हात आपोआप सुटले. त्याने जोर पण लावला नव्हता. गेलो.

म्हणून खबीबबद्दल धागाकर्त्याशी मी सहमत आहे. पंधरा मिनिटं टोनीला दाबून ठेवल्यावर पुढच्या लढतीत ती मनगटाची पकड तशी राहणार नाही, बघणाऱ्याला तो ताजा वाटेल तरी.

पण हाच हिशोब ऑलिव्हेरालाही लागू होतो आणि जास्त लागू होतो. गळा आवळायला हातच लागतात. कुस्तीत हात सुटले तर दुसरा डाव आहे, मागून चोक अर्धवट राहिला तर तुम्ही हात भरून घेतलेत आणि समोरचा अजून शुद्धीवर आहे. त्याने २०२० ला टोनीचा हात आर्मबारमध्ये उलटा वाकवला होता, राउंड संपता संपता, टोनीने टॅप (हार मानल्याची थाप) केलाच नाही. अशी एक जरी हुकली तर पुढच्या लढतीचे हात त्यातच गेले समजा.

रविवारची_सकाळ

सांगलीकर, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. मी दम आणि जखमा एवढंच धरून बसलो होतो.

फिजिओ_स्मिता

जखमांचं पण तुम्ही पूर्ण धरलेलं नाही. भुवईवरची चीर कटमन (कोपऱ्यात जखमा सांभाळणारा माणूस) दाबून, औषधाचा बोळा लावून पंधरा मिनिटं सांभाळतो, ते त्या लढतीपुरतं. तासाभरात सूज चढते, टाके घातले तरी पहिल्या ठोशाला उघडणार, आणि रक्त डोळ्यात गेलं की डॉक्टर थांबवतात, तिथे कोण भारी आहे हे विचारत नाहीत. मनगट आणि बोटांची हाडंही धरा. ग्लोव्ह जेमतेम चार औंसांचं, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आत. टोपुरिया ज्या ताकदीने मारतो त्या ताकदीने पेनच्या कपाळावर दोन बसले तर पेन तर जाईलच, पण टोपुरियाचा उजवा हात सेमीफायनलला वापरता येईल का, मला शंका आहे. ज्यांना इथे कमी खर्चाचं वाटतंय ते नॉकआउट एवढं स्वस्त नसतं. वर आदल्या दिवशी अंगातलं पाणी काढलेलं. चोवीस तासांत ते सगळं भरून येत नाही, वजन परत दिसतं काट्यावर म्हणून माणूस परत आला असं नाही.

बुशिदो_२००५

मग गोमी.

फिजिओ_स्मिता

गोमीही हातानेच जिंकायचा दादा.

रविवारची_सकाळ

रात्रभर विचार केला. ऑलिव्हेरा मी मागे घेतो. सांगलीकरांचा मुद्दा घेऊन जुन्या लढती परत बघितल्या, कुणाची पकड उशिरापर्यंत टिकते एवढंच शोधत होतो. जून २०२४, इस्लाम विरुद्ध पॉइरियर. चार राउंड झालेले, इस्लामचं कपाळ फुटलेलं, पॉइरियर बऱ्याच पटांवर अडवतोय. आणि पाचव्या राउंडला पाडल्या पाडल्या इस्लामने मानेखालून हात घालून डार्स (दोन्ही हातांनी गळा आवळायचा डाव) लावला. वीस मिनिटं कुस्ती करून रक्त आणि घामाने निसरड्या झालेल्या मानेवर, आणि आवळला. तो हात मी सहा वेळा मागे नेऊन बघितला, कोपर आत गेल्यावर दुसरा दंड पकडतो तो एकदाही घसरत नाही. शिवाय त्याला पाडायलाच लागतं असं नाही, २०२३ ला व्होल्कानोव्स्कीला डोक्यावर लाथ मारून पहिल्या राउंडला संपवला, हात जवळजवळ वापरलेच नाहीत म्हणा ना. ह्याला दोन्ही वाटा आहेत, हात वाचवायची पण आणि हात खर्चायची पण.

माझा विजेता इस्लाम. शीर्षक तसंच राहतं, खबीब जिंकत नाही.

दागिस्तानचा_चाहता

इस्लामवर माझं काही म्हणणं नाही, पण एक विचारतो. खबीब वरून आला आणि इस्लाम खालून आला तर फायनल कोण लढणार? दोघं खबीबच्या वडिलांच्या, अब्दुलमनापच्याच हाताखाली वाढलेले, एकाच मॅटवर. २०२२ ला अबुधाबीत इस्लाम जिंकला तेव्हा कोपऱ्यात खबीबच होता. हे दोघं एकमेकांवर हात उचलणार नाहीत, पैसे कितीही लावा. आणि खबीब तिथपर्यंत पोचणार नाही हे मी अजून मान्य केलेलं नाही.

सांगलीचा_पट

खरंय. एका तालमीचे दोघं समोरासमोर आले तर आमच्याकडेही जोड लावत नाहीत, वस्ताद आधीच एकाला बसवतात.

रविवारची_सकाळ

असं झालंय ह्याच गटात, म्हणजे निकाल न लागणं. २००२-०३ ला युएफसीने रिकामा लाइटवेट बेल्ट भरायला चौघांची स्पर्धा लावली, फायनल पेन विरुद्ध काओल उनो, पाच राउंड, आणि लढत बरोबरीत. पट्टा कुणालाच नाही, पुढे गटच बंद पडला तो २००६ पर्यंत. तेव्हा खबीब आणि इस्लाम फायनलला आले तर माझ्या स्पर्धेतही पट्टा टेबलावरच राहू दे, मला चालेल.

पण टोनी पहिल्या फेरीत का, ह्याचं उत्तर द्यायचं राहिलं. ही लढत पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा मोडली. २०१५ ला खबीबची बरगडी, २०१६ ला टोनीच्या फुप्फुसात पाणी, २०१७ ला ते वजन, २०१८ ला टोनीचा पाय केबलमध्ये अडकून गुडघा गेला, आणि २०२० ला कोरोना, खबीब रशियात अडकलेला. पाचही वेळा मी सुट्टी टाकून ठेवली होती. फायनलला ठेवली तर मधे कुणीतरी हरेल, कुणाला तरी दुखापत होईल, आणि परत राहील. पहिली जोड तीच, संध्याकाळी दार उघडल्या उघडल्या, दोघंही कोरडे, ताजे, वजन उतरवून आलेले. बाकी कुठलीही जोडी बदलायची असेल तर सांगा, मी बदलतो.