डिसेंबरात काझाला एकट्यानं आठवडाभर नुसतं राहायचंय, कोणी राहिलंय का?

सेलूवाला_पोरगा
राम राम मंडळी. वर्षअखेरीला सुट्ट्या शिल्लक आहेत आणि हिमाचलातल्या स्पितीत काझाला जाऊन एकटंच आठवडाभर नुसतं राहावं असं डोक्यात बसलंय. ट्रेक नाही, बाईक नाही, रील तर अजिबातच नाही. एक खोली, चार पुस्तकं, चहा अन् झोप, बास. आई म्हणायली, काहून रं, भांडण झालं का कुणाशी? वडिलांचं वेगळंच, परभणीत पारा पाचवर आला की तू दोन रजया ओढतोस, तिथं उणे वीसात काय करणारेस. मुद्दा बरोबरय त्यांचा. पण थंडीचं मी बघून घेईन, मला विचारायचंय की दिवसभर एकटं माणूस तिथं करतं काय? दोन दिवसात डोकं फिरलं तर? अन् मनालीकडून जावं का शिमल्याकडून?

नांदेड_टू_नाको
शेवटचं आधी सांगतो, मनाली विसर. २०२० ला अटल बोगदा झाला म्हणून लोकांना वाटतं स्पिती बारमाही उघडली, पण तो बोगदा तुला लाहौलात, केलाँगच्या बाजूला काढतो, काझाला जायचं तर पुढं कुंझुमची खिंड लागते आणि ती साडेचार हजार मीटरवर, हिवाळ्यात बंद म्हणजे बंद. त्यामुळं सचखंड एक्सप्रेसनं अंबाल्यापर्यंत (लंगर चुकवू नको, डबा हाताशी ठेव), तिथून शिमला, रामपूर, रेकाँग पिओ. पिओहून काझाची एचआरटीसीची (हिमाचलची एसटी) बस सकाळीच निघते, दोनशेक किलोमीटरला अख्खा दिवस जातो, बर्फ जास्त असलं तर मधेच थांबते. ह्या बाजूनं उंची दमानं चढते हा मोठा फायदा. तरी वाटेत कल्पाला अन् ताबोला मुक्काम करच, काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे अन् आपण गोदाकाठची माणसं. आपल्याला भारतीयांना परमिट लागत नाही, आधार जवळ असू दे.

लातूरची_माही
मी जानेवारीत राहिलेय तिथं, म्हणून लांबलचक लिहितेय. कंटाळ्याची काळजी सोड, एकटेपणाचीच कर, कारण तो मिळणार नाही तुला. हिवाळ्यात घरात उबदार खोली एकच असते, तंदूरची. आपला रोटीचा तंदूर नव्हे हां, पत्र्याची शेगडी, धुराडं सरळ छतातून बाहेर काढलेलं. तुझी खोली फक्त झोपायला, तिथं रजईतून हात बाहेर काढून पान उलटायचं म्हटलं तरी जिवावर येतं. म्हणून सगळे तंदूरभोवतीच, आजी लोकर कातायलेत, पोरं गृहपाठ करायलेत, शेजारचे येऊन बसायलेत, अन् तू पुस्तक घेऊन मधे. पहिले दोन दिवस मला चिडचिड झाली, मी काय ह्यासाठी आले होते का. मग कोणी न विचारताच हातात कांदे अन् सुरी दिली आणि मी चिरत बसले. बोलावंच लागतं असं काही नाही, तास तास कोणी बोलत नाही, पण बाजूला माणूस असतं. मला विचारशील तर गप्प राहायला हीच बरी जागा, बंद खोलीत मोबाईलच बघत बसला असतास.

बाकी दिवस कामातच जातो. नळ गोठलेले, पाणी बादलीनं आणायचं, अन् अंघोळ हा विषयच काढू नको. संडास कोरडा, वरून माती नायतर राख टाकायची, वास येत नाही खरंच. पाणी तिथं सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी डिग्रीलाच उकळतं, त्यामुळं डाळ कुकरशिवाय शिजत नाही अन् चहा अर्धा कप होईस्तोवर गार. ऊन आलं की छतावर जायचं, कडेनं सरपणाच्या मोळ्या रचलेल्या असतात, त्यांच्या आडोशाला बसून वाचायचं. ते ऊन डोंगराआड गेलं की दोन मिनिटात सगळे आत. हॉटेलं बहुतेक बंद असतात, होमस्टेच घे, अन् फोन करून एकच विचार, 'जेवण तंदूरपाशी बसून ना?' हो म्हणाले तर जा.

औसेकर_भाऊ
सगळं ठीकय पण डिसेंबर म्हणजे येळवस (आपली वेळ अमावस्या, रानात जेवायचा सण) जवळ आली ना भावा. भज्जी, आंबील, रानातली कोपी (कडब्याची खोपटी) सोडून कोरड्या संडासात माती टाकायला चाललास, तुझी मर्जी 😂

पाथरी_मेडिकल
गंमत बाजूला. विरळ हवेच्या त्रासासाठीची अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी माझ्यासारख्या दुकानदाराला विचारून घेऊ नको, डॉक्टरला दाखव, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांग. डोकं ठणकायला लागलं अन् उलट्या झाल्या तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. अन् खोलीत कोणी निखाऱ्याची घमेली ठेवली तर झोपायच्या आधी बाहेर काढ, बंद खोलीत त्याचा गॅस जीव घेतो आणि वाससुद्धा येत नाही.

सेलूवाला_पोरगा
माहीताई, कांदे चिरायची तयारी आहे. येळवस करूनच निघतो, म्हणजे घरचेबी गप. धपाटे किती दिवस टिकतील तिथं?

लातूरची_माही
टिकतील रं, अख्खं गाव फ्रीजच आहे, तंदूरवर ठेवून गरम करायचे. तिखट मात्र कमी घाल, वाटून खायचेत. परतीचं तिकीट लगेच काढू नको, येताना नाको गावाच्या अलीकडं मलिंगला दरड आली की बस अडकते. चार-पाच दिवस मोकळे ठेवूनच काढ.