मदत हवी आहे: टर्बो लावू की सुपरचार्जर?

वळणवेडा
मंडळी, जरा घाईत आहे. दोन लिटरची, रियर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स कार आहे. 200 हॉर्सपॉवर आता पुरत नाही, इंजिनात जास्त हवा दाबून 270 च्या पुढे जायचंय. टर्बोवाले सुपरचार्जरला नावं ठेवतात, सुपरचार्जरवाले टर्बोला. याच आठवड्यात किट मागवायचं आहे. कृपया एकच काय ते सांगा.

गिअरबदल
गाडी कोणती? इंजिन आतून मूळचंच आहे का? कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं) किती, पेट्रोल किती ऑक्टेनचं? रोज चालवता की फक्त ट्रॅकवर? एवढं कळल्याशिवाय जो उत्तर देईल तो अंदाज सांगेल.

बूस्टप्रेमी
टर्बो. डोळे झाकून. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर तो फिरतो. सुपरचार्जर पट्ट्यावर चालतो, म्हणजे इंजिनचीच ताकद खाऊन इंजिनला हवा देतो. डॉज हेलकॅटचा सुपरचार्जर पूर्ण वेगात फिरवायला 80 हॉर्सपॉवरच्या आसपास लागतात. माझ्या आधीच्या गाडीला टर्बो होता, चौथ्या गिअरमध्ये नुसता पाय ठेवला तरी ओव्हरटेक व्हायचा.

पट्टा_घट्ट
बूस्टप्रेमी, वाया जाणारा वायू म्हणजे फुकटची पॉवर नव्हे. टर्बाइन वाटेत बसलं की एक्झॉस्टचा दाब वाढतो आणि तो वायू पिस्टनलाच ढकलून बाहेर काढावा लागतो. शिवाय लॅग, म्हणजे पाय दाबल्यावर टर्बोचा जोर उशिरा येणं. वळणातून बाहेर पडताना पॉवर पायाबरोबर यायला हवी, नंतर धाडकन आली की मागचं टोक सुटतं. 1975 च्या पोर्शे 911 टर्बोची ख्याती त्याचीच आहे. सुपरचार्जर घ्या, वळणवेडा.

बूस्टप्रेमी
1975 चं उदाहरण आज कशाला? लॅग कमी करणारे आताचे छोटे टर्बो, ट्विन स्क्रोल हाउसिंग, बॉल बेअरिंग हे बघा तरी. 3000 आरपीएमच्या आत बूस्ट (जादा हवेचा दाब) येतो.

जुनी_यंत्रं
दोन्हीही लावता येतात! 1985 च्या लान्सिया डेल्टा एस4 मध्ये खालच्या आरपीएमला सुपरचार्जर आणि वरच्या आरपीएमला टर्बो चालायचा. 2005 पासून फोक्सवॅगनने 1.4 लिटरच्या इंजिनात तेच केलं. टर्बोचं पेटंट तर आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्येच घेतलं होतं. हा सगळा इतिहास वाचण्यासारखा आहे.

वळणवेडा
इतिहास नंतर वाचेन. गाडी टोयोटा 86 आहे, पहिल्या पिढीची. इंजिन मूळचंच. रोज चालवतो आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर नेतो. मुख्य त्रास म्हणजे 4000 आरपीएमच्या आसपास पिकअपच मरतो, वर गेली की परत जोर धरते. हेडर (इंजिनला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप) बदललेलाच आहे.

गिअरबदल
हे आधी सांगायला हवं होतं, यानेच उत्तर बदलतं. तुमच्या इंजिनचं कॉम्प्रेशन 12.5 आहे. एवढ्या कॉम्प्रेशनवर नॉकिंगची (पेट्रोल आपोआप भडकण्याची) भीती मोठी, म्हणून बूस्ट 6-8 पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर न्यायचा नाही. 7 पीएसआय बूस्ट म्हणजे एकूण दाब समुद्रसपाटीच्या हवेच्या जवळपास दीडपट. पॉवर तेवढ्या पटीत वाढत नाही, कारण दाबलेली हवा तापते. तरी 270 गाठायला पुरतं.

आता तुमचा 4000 चा खड्डा. या गाड्यांना सर्रास बसवतात तो सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर. त्याचा बूस्ट साधारण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. 7400 ला 8 पीएसआय देणारा 3700 ला जेमतेम 2 देतो. म्हणजे खड्डा जवळपास तसाच राहील आणि वरचं टोक उंच होईल. खड्डा भरायचा असेल तर खालच्या आरपीएमलाही बूस्ट देणारा रूट्स किंवा ट्विन स्क्रू प्रकारचा घ्या, नाहीतर छोटा टर्बो. नुसतं 'सुपरचार्जर' म्हणून मागवू नका.

पट्टा_घट्ट
पण सेंट्रिफ्यूगल ट्रॅकवर थंड राहतो. रूट्स इनटेकवर, इंजिनच्या डोक्यावर बसतो आणि सलग लॅप मारल्या की तापून जातो. मग ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि पॉवर पडते. खालच्या आरपीएमला अचानक टॉर्क वाढणं कनेक्टिंग रॉडला सगळ्यात वाईट, आणि या इंजिनाचे रॉड काही जाड नाहीत. सावकाश चढणारा बूस्ट इंजिनला जगवतो.

बूस्टप्रेमी
टर्बोचा बूस्ट वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट बाजूने वळवणारी झडप) आणि ट्यूनने (ईसीयूची नव्याने जुळवणी) हवा तसा चढवता येतो. हे त्याच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण आहे आणि त्यावर कुणीच बोलत नाही.

गिअरबदल
तो मुद्दा मान्य. पण 86 च्या बहुतेक टर्बो किटमध्ये टर्बो हेडरच्याच जागी बसतो. यांनी बदललेला हेडर काढून ठेवावा लागेल. सुपरचार्जरमध्ये तो राहतो.

हिरवी_बॅटरी
गाडी विकून इलेक्ट्रिक घ्या. पाय ठेवल्या क्षणी पूर्ण टॉर्क, ना पट्टा, ना टर्बो.

वळणवेडा
विकायची नाही. मला ही गाडी आवडते, म्हणूनच एवढं विचारतोय. हेडर काढायचा नाही, तेव्हा टर्बो बाद का?

तेलकट_हात
आधी एक सांगा. हेडर लावल्यावर ट्यून केलं का? सगळे बूस्टवर भांडताहेत, हे कुणी विचारलंच नाही.

वळणवेडा
नाही. किटबरोबर ट्यून येणारच, म्हणून थांबलो.

तेलकट_हात
मग किट थांबवा आणि ट्यून करा. 4000 चा खड्डा या गाडीत हेडर आणि ट्यून दोन्ही मिळून कमी होतो, नुसत्या हेडरने फरक अर्धवट पडतो. डायनोवर (पॉवर मोजायचं यंत्र) आलेख काढून बघा. खड्डा भरला तर सेंट्रिफ्यूगलविरुद्धचा आक्षेपच उरत नाही आणि ट्रॅकवर तोच बरा.

बूस्टप्रेमी
म्हणजे ट्यूनचे पैसे दोनदा?

तेलकट_हात
हो, दोनदा. चुकीचं किट उतरवण्यापेक्षा स्वस्त. त्याच वेळी कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीकडाउन (सिलिंडरमधून दाब गळतो का याची तपासणी) करून घ्या. चारही सिलिंडर सारखे नसतील तर कुठलाच बूस्ट लावायचा नाही. आणि ऑइल कूलर आहे का? ट्रॅकवर तेलाचं तापमान किती जातं?

वळणवेडा
कूलर नाही. तापमान कधी पाहिलं नाही, डॅशबोर्डवर काटा नाही. ओबीडीमधून (गाडीचा निदान पोर्ट) वाचता येईल का?

तेलकट_हात
येईल, 86 चा ईसीयू तेलाचं तापमान देतो. पुढच्या ट्रॅक डेला फक्त तेवढं नोंदवून इथे टाका, कूलर कोणता ते मग सांगतो.

जुनी_यंत्रं
आणि नायट्रस (पॉवर वाढवायला इंजिनात सोडतात तो वायू)? त्याला पट्टाही लागत नाही.