मदत हवी आहे: भाची स्वीडनमध्ये गोठलेल्या तलावावर स्केटिंगला निघाली आहे

नमस्कार मंडळी. भाची उप्सालाला शिकायला आहे. तिथला मेलारेन तलाव गोठला की कॉलेजची पोरं त्यावर स्केटिंगला जातात, यंदा हीसुद्धा निघाली आहे. कोल्हापुरात रोलर स्केटिंग चांगलं करायची, तेव्हा पायांची काळजी नाही. काळजी बर्फाची आहे. "मामा, मला पोहता येतं की," म्हणते. येतंच; पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून शिकली आहे. तरी माझ्या जिवाची घालमेल होते. तिला अडवायचं नाही, धडधाकट परत यावी एवढंच. रंकाळा तुडुंब भरलेला आम्ही पाहतो. गोठलेला तलाव घरात कुणी बघितलेला नाही, मग विचारायचं कुणाला?

वाचून कळलं की बर्फ किमान 10 सेंटिमीटर हवा. पण तो सगळीकडं सारखा असतो का? आणि फुटलाच तर आधी काय करायचं? त्या भागात राहणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

काका, मी मूळची राजारामपुरीची, आता स्टॉकहोमजवळ राहते. 10 सेंटिमीटर बरोबर आहे, पण कठीण, पारदर्शक बर्फासाठी, आणि जिथं मोजला तिथल्यापुरतं. ओढा येऊन मिळतो तिथं, पुलाखाली, अरुंद चिंचोळ्या भागात, गवताच्या कडेला बर्फ पातळ असतो. पांढरा, बुडबुडेवाला बर्फ निम्म्याच ताकदीचा धरायचा. वर भुसभुशीत हिम साचलं असेल तर ते दुलईचं काम करतं: बर्फ जाड होत नाही आणि कमजोर जागा झाकून जाते. वसंतातल्या उन्हानं जाड बर्फही आतून कुजतो, तेव्हा नुसत्या जाडीवर जाऊ नका.

याच तलावावर उप्सालाहून स्टॉकहोमकडे 1999 पासून विकिंगारेनेट ही शर्यत होते. शर्यतीची वाट आयोजक तपासतात. एरवी ज्यानं त्यानं तपासायची. इथले लोक टोकदार काठीनं पुढचा बर्फ ठोकत जातात. गळ्यात खिळे बसवलेल्या दोन मुठी, फेकायची दोरी, आणि पाठीवर जलरोधक पिशवीत कोरडे कपडे. ही पिशवी पाण्यात तरंगायला मदत करते, म्हणून तिचा पट्टा दोन पायांमधूनही बांधायचा. एकटीनं कधीच जायचं नाही.

पोहता येतं यावर मात्र विसंबू देऊ नका. इतक्या गार पाण्यात पडताक्षणी धाप लागते, माणूस पाणी ओढून घेतो. पहिलं मिनिटभर तोंड वर ठेवून श्वास सावरायचा, बाकी काही नाही. त्यानंतर हातापायांत जोर राहतो तो साधारण दहा मिनिटं. आली त्याच बाजूला वळायचं, कारण तिकडच्या बर्फानं तिचा भार पेललेला असतो. खिळे रोवायचे, पाय मागं आडवे घेऊन जोरात मारायचे, वर आल्यावर उभं न राहता लोळत दूर जायचं. सोबत्यांनी भोकाजवळ धावत जायचं नाही. लांबूनच पालथं पडून दोरी फेकायची आणि 112 ला फोन करायचा.

इथल्या स्केटिंग क्लबांत दोर बांधून, मुद्दाम पाण्यात उतरवून हा सराव करून घेतात. भाचीला आधी तो करायला सांगा, आणि पहिली फेरी क्लबच्या जाणत्या माणसाबरोबरच.