काखेच्या डिसेक्शनमध्ये ब्रेकियल प्लेक्सस (हाताला जाणाऱ्या नर्व्हचं जाळं) सापडत नाही, सगळं तुटतंय

फर्स्ट_एमबीबीएस_बॅच_बी

अप्पर लिंब सुरू आहे. पेक्टोरल रीजन (छातीचा भाग) कसंबसं झालं, पण ॲक्सिलात (काखेत) नुसती चरबी आणि शिरांचं जाळं. चिमट्याने ओढलं की बारीक नर्व्ह तुटते आणि डेमोत सर विचारतात, "इंटरकॉस्टोब्रेकियल नर्व्ह कुठाय?" टेबलावर दहा जण, ब्लेड एकच. नेमका क्रम काय ठेवायचा? कोणती हत्यारं घ्यावीत? फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, त्यावर काही उपाय आहे का?

कट्ट्यावरचा_सिनियर

आधी ब्लेड बाजूला ठेव. त्याचं काम कातडीपुरतं आणि स्नायू कापायच्या वेळी, बस्स. ४ नंबरचं हँडल आणि २२ चं ब्लेड पुरतं. ब्लेड बोटांनी चढवू नकोस, आर्टरी फोर्सेप्सने धरून खाचेत सरकव. पहिल्या महिन्यातले बरेच कट ब्लेड काढता-घालताना होतात. लागलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धू, लगेच टीचरना सांग आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचार.

ॲक्सिलात काम चालतं ते बोथट टोकाच्या कात्रीवर. मिटलेली कात्री चरबीत घालायची आणि आत उघडायची. कापायचं नाही, फाकवायचं. तेही नर्व्ह ज्या दिशेने जाते त्याच दिशेने. आडवं फाकवलंस की ती तुटलीच समज. दात असलेला चिमटा कातडीला, बिनदाताचा नर्व्हला. एकाने हात ९० अंशांच्या आसपास बाजूला धरायचा. त्याहून जास्त ताणला तर सगळं तारेसारखं घट्ट होतं आणि थर सुटे होत नाहीत. प्लेक्सस उघडताना हात थोडा आत घ्यायला हरकत नाही.

ॲनॅटमी_ट्यूटर

वरचं बरोबर आहे, पण तुमची खरी अडचण हत्याराची नाही, क्रमाची आहे.

पेक्टोरॅलिस मेजर या छातीच्या मोठ्या स्नायूचं क्लॅव्हिक्युलर हेड क्लॅव्हिकलच्या (गळ्याच्या हाडाच्या) लगेच खाली कापा आणि उलटवताना मागून येणारी लॅटरल पेक्टोरल नर्व्ह बघा. मग स्टर्नोकॉस्टल हेड स्टर्नमपासून (छातीच्या मधल्या हाडापासून) पाचेक सेंटीमीटरवर कापून स्नायू दंडाकडे उलटवा. कातडी काढतानाच डेल्टोपेक्टोरल ग्रूव्हमधली सेफॅलिक व्हेन राखलेली असली पाहिजे. त्याखालचा छोटा स्नायू, पेक्टोरॅलिस मायनर, ३, ४, ५ या बरगड्यांपासून सोडवून कोरॅकॉइडकडे (खांद्याच्या हाडाच्या टोकाकडे) वर उचला, मिडियल पेक्टोरल नर्व्ह त्याच्यातूनच जाते.

आता चरबी. इथेच सगळे घाई करतात. इंटरकॉस्टोब्रेकियल दुसऱ्या इंटरकॉस्टल स्पेसमधून (बरगड्यांमधल्या फटीतून) निघून चरबीतून आडवी दंडाच्या आतल्या बाजूला जाते, म्हणून तिचा पहिला बळी जातो. छातीच्या भिंतीकडून सुरुवात करा, ती बाहेर पडते तिथे पकडा, मग चरबी काढा. स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढताना ती कापली गेली तर दंडाची आतली बाजू बधिर होते. सर हेच विचारणार.

यानंतर शिरा. ॲक्सिलरी व्हेन आणि सेफॅलिकचं टोक ठेवा, बाकीच्या उपशिरा बिनधास्त काढा. त्यांनी प्लेक्सस झाकलेला असतो. त्या राखायच्या हट्टापायी अर्ध्या बॅचला कॉर्ड्स (प्लेक्ससचे तीन मुख्य दोर) दिसतच नाहीत.

मग ॲक्सिलरी आर्टरीच्या पुढे नर्व्हचा इंग्रजी 'एम' शोधा: बाहेरच्या बाजूला मस्क्युलोक्युटेनियस, मध्ये मीडियनची दोन मुळं, आतल्या बाजूला अल्नर. पोस्टिरियर कॉर्डसाठी आर्टरी हलकेच बाजूला सारावी लागते. कॉर्ड्सची नावं आर्टरीच्या दुसऱ्या भागाच्या, म्हणजे पेक्टोरॅलिस मायनरच्या मागच्या भागाच्या संदर्भाने आहेत. आर्टरी ओळखली नाही तर नावं चुकणारच.

फर्स्ट_एमबीबीएस_बॅच_बी

आभारी आहे सर. दोन शंका. आतल्या बाजूला दोन नर्व्ह शेजारी-शेजारी आहेत, त्यातली अल्नर कोणती? आणि आमच्या टेबलावर कोरॅकोब्रेकियॅलिस स्नायूत शिरणारी नर्व्ह (मस्क्युलोक्युटेनियस) दिसतच नाही. तुटली असेल का?

ॲनॅटमी_ट्यूटर

दुसरी बहुधा मिडियल क्युटेनियस नर्व्ह ऑफ फोरआर्म. वरून बघून ठरवू नका, दोघी ॲक्सिलरी आर्टरी आणि व्हेनच्या मधेच असतात. कोपरापाशी मिडियल एपिकॉन्डाइलच्या (आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याच्या) मागे अल्नर पकडा आणि वर माग काढत या. क्युटेनियस दंडाच्या मध्यावर बॅसिलिक व्हेनच्या सोबतीने डीप फॅशियातून बाहेर येते, तिथे वेगळी पडते.

मस्क्युलोक्युटेनियस तुटली असेल तर लॅटरल कॉर्डला ताजं टोक दिसेल. टोक नसेल, तर बायसेप्स आणि ब्रेकियॅलिसला जाणाऱ्या फांद्या मीडियनमधून येतात का ते तपासा. ती नर्व्ह वेगळी नसणं किंवा मीडियनशी जोडलेली असणं ही माहीत असलेली व्हेरिएशन आहे. तसं निघालं तर लगेच डिपार्टमेंटला दाखवा.

फॉर्मॅलिनचा_वास

डोळ्यांचं राहिलंच. कॉन्टॅक्ट लेन्स घालून हॉलमध्ये जाऊच नका, बाजू झाकणारा चष्मा घ्या. साधा सर्जिकल मास्क फॉर्मल्डिहाइड अडवत नाही, तो वायू आहे. एक्झॉस्ट चालू आहे ना ते बघा आणि टेबलावर वाकून नाक खुपसू नका. ग्लोव्हज नायट्राइलचे, लेटेक्समधून फॉर्मल्डिहाइड लवकर आत येतं. उपाशी पोटी जाऊ नका. चक्कर वाटली तर 'होईल ठीक' म्हणत उभं न राहता तिथेच खाली बसा, उभ्याने पडणारा डोकं आपटून घेतो.

कट्ट्यावरचा_सिनियर

स्पॉटरसाठी (टॅग लावलेला भाग ओळखायच्या परीक्षेसाठी) एक. दोरा ज्या रंगाचा बांधलाय त्यावरून पाठ केलंस तर फसशील, परीक्षेआधी दोरे बदलतात. टॅग लावलेली नर्व्ह कशातून जाते, कशाच्या पुढे आहे, ते बघून नाव लिही. लाँग थोरॅसिक नर्व्ह दिसली की बरगड्यांवरच्या सिरेटस अँटीरियर स्नायूवर चिकटलेली आहे का एवढंच बघायचं.

आणि काम संपल्यावर काखेवर ओलं कापड घालून प्लॅस्टिकने झाका. एक शनिवार-रविवार उघडं राहिलं की ऊतक वाळून चिवट होतं, मग सोमवारी कुठलीच कात्री चालत नाही. कापलेली चरबी आणि तुकडे त्याच टेबलाच्या डब्यात, साध्या कचऱ्यात कधीच नाही. मोबाइल बॅगेतच राहू दे, देहदान केलेल्या माणसाचा फोटो ग्रुपवर गेला तर डिपार्टमेंट सोडत नाही, आणि सोडूही नये.