मदत हवी आहे: इसोगाई रेन्सुके यांच्या कारकिर्दीचा कालपट जुळत नाही

हाँगकाँगमधल्या जपानी राजवटीवरच्या लेखासाठी गव्हर्नर इसोगाई रेन्सुके यांचा कालपट करतो आहे. तीन ठिकाणी अडलंय. डिसेंबर १९३९ मध्ये राखीव यादीत गेलेला माणूस १९४२ मध्ये गव्हर्नर कसा? हुद्दा जनरल की लेफ्टनंट जनरल? आणि ब्रिटिशांची शरणागती घेणारे हेच का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १
शेवटचा प्रश्न आधी. २५ डिसेंबर १९४१ ला शरणागती घेतली ती साकाई ताकाशी यांनी. ते २३ व्या आर्मीचे सेनापती, आणि पहिले जवळजवळ दोन महिने लष्करी कारभार त्यांच्याचकडे होता. इसोगाई २० फेब्रुवारी १९४२ ते डिसेंबर १९४४, मग तानाका हिसाकाझू. साकाई आणि तानाका यांना युद्धानंतर चीनमध्ये गोळ्या घातल्या. इसोगाईंना नानजिंगच्या न्यायालयानं १९४७ मध्ये जन्मठेप दिली, १९५२ मध्ये ते सुटले आणि १९६७ मध्ये वारले. 'इसोगाईंना मृत्युदंड' असं कुठे दिसलं तर तिथे नावांची सरमिसळ झाली आहे.

हुद्दा चूजो, म्हणजे लेफ्टनंट जनरल. तैशो, म्हणजे पूर्ण जनरल, ते कधीच झाले नाहीत.

राखीव यादी म्हणजे कायमची निवृत्ती नव्हे, त्यातून परत बोलावता येई. यादीत जाण्याचं कारण नोमोनहान, म्हणजे मंगोलिया-मांचुरिया सीमेवरची जपान-सोव्हिएत लढाई. १९३९ च्या त्या संघर्षात ते क्वांतुंग आर्मीचे, म्हणजे मांचुरियातल्या जपानी फौजेचे, चीफ ऑफ स्टाफ होते. २७ जूनचा मंगोलियातल्या ताम्साग-बुलाक तळावरचा हवाई हल्ला टोकियोला न विचारता झाला, आणि पराभवानंतर सेनापती उएदा यांच्याबरोबर इसोगाईंनाही हटवलं. हे कालपटात ठळक लिहा, पुढची नेमणूक त्याशिवाय कळत नाही.

प्रतिसाद २
तारखांची एक खोच. जपानी कागदांवर सम्राटाच्या राजवटीचं वर्ष असतं. शोवा वर्षात १९२५ मिळवा: शोवा १७ म्हणजे १९४२. मेइजीसाठी १८६७: लष्करी अकादमीची त्यांची १६ वी तुकडी मेइजी ३७ ची, म्हणजे १९०४. खटल्याचे चिनी कागद मात्र मिंगुओ (चिनी प्रजासत्ताकाच्या) वर्षात, तिथे १९११ मिळवायचे. तीनही एकाच रकान्यात उतरवले की वर्षं हमखास चुकतात.

चीनमधली ताइअरच्वांगची लढाईही जपून लिहा. मार्च-एप्रिल १९३८ मध्ये तिथे लढली ती त्यांच्या १० व्या डिव्हिजनची सेया तुकडी. सोबतची साकामोतो तुकडी इतागाकींच्या ५ व्या डिव्हिजनची. पूर्ण फौज इसोगाईंच्या नावावर टाकू नका.

धागाकर्ता
मनापासून आभार! गव्हर्नरपदाच्या नोंदीत काय हवंच?

प्रतिसाद १
चलन आणि तांदूळ. लोकांचे हाल यातच दिसतात. सुरुवातीला १ लष्करी येनला (जपानी लष्करानं काढलेलं चलन) २ हाँगकाँग डॉलर, जुलै १९४२ पासून ४. म्हणजे ४०० डॉलर साठवलेल्या घराच्या हातात २०० ऐवजी १०० येन. जून १९४३ पासून डॉलर वापरायलाच बंदी. तांदळाचं रेशन माणशी रोज ६.४ ताएल, सुमारे २४० ग्रॅम. शिवाय धान्य पुरत नाही म्हणून लोकांना सक्तीनं शहराबाहेर घालवलं. युद्धाआधी सुमारे १६ लाख असलेली वस्ती १९४५ मध्ये ६ लाखांवर आली होती. नानजिंगच्या खटल्यात ही हकालपट्टी त्यांच्यावरच्या आरोपांत होती, तेव्हा ती नोंद खटल्याच्या ओळीला जोडून घ्या.