रेडिएटरची वरची टाकी तडकली, गाडी 1,86,000 किमी चाललेली: नुसता रेडिएटर बदलून भागेल का?

घाटरस्ता
2009 ची 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. रेडिएटरच्या वरच्या काळ्या प्लॅस्टिक टाकीला, होज पाइप जिथे चढतो त्या नळीच्या बुडाशी, केसाएवढी चीर गेली आहे. गाडी थंड असताना काही दिसत नाही. तापली की तिथून कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) पाझरतं आणि वाळल्यावर पांढरट-हिरवा थर राहतो. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेच्या वर गेलेला नाही. कुणी म्हणतं इपॉक्सी भरून चालवा, कुणी म्हणतं बदला. बदलायचा तर घरच्या अंगणात जमेल का? सोबत काय काय बदलावं? पुढच्या महिन्यात आंबा घाट चढायचा आहे.

पानेपेटी
इपॉक्सीचा विचार सोडा. ही टाकी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते. ॲल्युमिनियमच्या जाळीवर रबरी गॅस्केट ठेवून तिच्या कडा दुमडून घट्ट केलेल्या असतात. गाडी तापली की आत 90 ते 100 अंश आणि झाकणामुळे साधारण 0.9 ते 1.1 बार दाब. पंधरा-सोळा वर्षं रोज तापून-थंडावून नायलॉन ठिसूळ होतं, आणि दिसते त्यापेक्षा चीर आतून लांब गेलेली असते. घाटात ती एकदम उघडली तर मिनिटाभरात पाणी संपतं. हळदपूड टाकायचा जुना उपायही नको. ती सुईएवढं भोक बुजवते, पण हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

चीर नळीच्या बुडाशीच का गेली, हेही बघा. इंजिन हललं की होजमधून सगळा ताण तिथे येतो. बोनेट उघडून, हँडब्रेक लावून, क्लच अर्धवट सोडताना इंजिन किती उडी मारतं ते दुसऱ्या कुणाकडून बघून घ्या. जास्त हलत असेल तर इंजिन धरून ठेवणारं रबरी माउंट गेलंय, आणि ते तसंच ठेवलं तर नवी टाकीही त्याच जागी ताण खाईल.

सोबत घ्यायचं सामान: वरचा आणि खालचा होज, क्लिपा, नवं झाकण, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आणि त्याचं गॅस्केट, रेडिएटरखालचे दोन रबरी गादे. झाकणावर 0.9 किंवा 1.1 छापलेलं असतं, जुन्यावर जो आकडा असेल तोच घ्या. जास्त दाबाचं लावून फायदा नाही, पुढचा कमकुवत सांधा फुटतो. जुनं झाकण वापरूच नका. दाब सोडणारी स्प्रिंग अडकली तर नवी टाकीसुद्धा तडकते.

काम अंगणात होतं, इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा, कारण काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही पंखा फिरू शकतो. खाली परात ठेवून रेडिएटरच्या बुडाची, पाणी सोडायची प्लॅस्टिक चावी सोडा. जुन्या गाडीत ती हातात तुटून येते, जोर करू नका, सरळ खालचा होज काढा. होज चिकटला असेल तर पिळून ओढू नका, ब्लेडने लांबीत चिरा. रेडिएटर टाकून द्यायचाच आहे, पण इंजिनाकडच्या ॲल्युमिनियम नळीला ओरखडा पडला तर तिथून कायम गळत राहील. मग पंख्याचा प्लग, पंखा आणि त्याची चौकट एकत्र वर घ्या, वरचे ब्रॅकेट सोडा (बहुधा 10 नंबरचा पाना लागतो) आणि रेडिएटर सरळ वर उचला.

एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे असतो. त्याच्या नळ्यांना हात लावायचा नाही, आत दाबाखाली गॅस असतो. काही मॉडेलमध्ये कंडेन्सर रेडिएटरलाच स्क्रूने बांधलेला असतो. ते स्क्रू काढून तो सुतळीने पुढच्या पत्र्याला बांधून ठेवा, लोंबकळू देऊ नका. रेडिएटर बाहेर असतानाच कंडेन्सरची मागची बाजू साध्या पाण्याने धुवा. दोघांच्या मध्ये माती, पिसं, किडे यांचा गादीसारखा थर बसलेला असतो. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पात्या आडव्या होतात.

नव्या होजची क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. प्लॅस्टिक नळीवर पेचाची क्लिप बेताने आवळा. थर्मोस्टॅटचं छोटं हलणारं पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच सुटते.

तापमापक
वरचं सगळं बरोबर, पण पैसे घालण्याआधी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) बघा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून सुरू करा. पहिले काही बुडबुडे हवेचे असू शकतात. पण सतत येत राहिले, किंवा झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरचा दाब पाण्यात येतोय. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय आहे का तेही बघा. मात्र नुसती थोडी साय छोट्या फेऱ्यांतल्या दमटपणानेही येते, तिच्यावरून निकाल देऊ नका. गॅस्केट गेलं असेल तर नवा रेडिएटर लावूनही गाडी तापणारच.

आणि काट्यावर विसंबू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच तो खरं सांगतो. पाणी खाली गेलं की सेन्सरभोवती नुसती हवा आणि वाफ उरते, काटा निम्म्यावर किंवा खालीच दिसतो आणि हेड वाकत असतं. हीटर अचानक गार हवा देऊ लागला, तर पाणी संपल्याची ती पहिली खूण समजा आणि गाडी बाजूला घ्या. गरम झाकण उघडू नका.

घाटरस्ता
बुडबुडे नाहीत, होज मऊच राहतो, साय नाही. म्हणजे बदलतो. कुलंट किती आणि कोणतं घ्यावं? जुनं हिरवं आहे, नक्की कुठलं ते माहीत नाही.

पानेपेटी
रंगावर जाऊ नका, दोन वेगळ्या जातींची हिरवी कुलंटं असू शकतात आणि ती एकमेकांत मिसळल्यावर गाळ धरू शकतात. जुनं सगळं काढा. थर्मोस्टॅट बाहेर असताना साध्या पाण्याने उलट-सुलट धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग एकदा डिस्टिल्ड पाण्याने. बोअरचं पाणी शेवटच्या भरणीत अजिबात नको, क्षार जाळीत बसतात.

इथे मिसळण्याची एक चूक होते. धुतल्यावर ब्लॉकमध्ये दोनेक लिटर पाणी उरतंच. तुम्ही तयार 50-50 (अर्धं कुलंट, अर्धं पाणी) ओतलं तर मिश्रण पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कुलंट घ्या. मॅन्युअलमधली एकूण क्षमता समजा 4.5 लिटर असेल, तर आधी 2.25 लिटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा.

हवा काढताना गाडीचं तोंड थोडं चढावर, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, एसी बंद, झाकण उघडं. ओतताना वरचा होज हाताने दाबत राहा, ‘गुडगुड’ थांबेपर्यंत. मग सुरू करून पातळी खाली जाईल तशी भरत राहा, गरम झालं की झाकण लावा आणि पंखा दोनदा सुरू-बंद होईपर्यंत आयडलवर ठेवा. पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा पातळी बघा. अर्धा लिटर मागतेच.

निघालेलं कुलंट गटारात ओतू नका किंवा उघड्या परातीत ठेवू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये द्या.

तापमापक
घाटाआधी 200 ते 300 किमी जवळपास चालवा आणि क्लिपा थंड इंजिनावर एकदा तपासा, नवं रबर बसलं की अर्धा फेरा सैल पडतो. वॉटर पंपाखालचं छोटं भोकही बघून घ्या. तिथे ओघळ दिसला आणि तुमच्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर असेल, तर बेल्टसकट पंप बदलूनच निघा.