आहारोनोव्ह-बोम परिणामात फेज नेमकी कुठे उपजते?

प्रश्न: इलेक्ट्रॉनच्या वाटेवर चुंबकीय क्षेत्र शून्य असूनही सॉलेनॉइडच्या (आतच चुंबकीय क्षेत्र कोंडून ठेवणाऱ्या तारेच्या लांब गुंडाळीच्या) दोन बाजूंनी आलेल्या तरंगांच्या फेजमध्ये (तरंग आपल्या चक्रात कुठे आहे त्यात) फरक पडतो, तो वाटेत कुठे साठतो?

उत्तर १: बिंदूगणिक सांगता येत नाही, कारण गेज (तेच क्षेत्र राखून विभव लिहिण्याची निवड) बदलताच फेज ठरवणारा सदिश विभव (ज्यातून चुंबकीय क्षेत्र काढतात ती राशी) बदलतो, बंद वाटेवरचा एकूण फरक मात्र तोच राहतो. जपानी भौतिकशास्त्रज्ञ तोनोमुरा यांच्या १९८६ च्या प्रयोगात कड्यासारखा चुंबक अतिसंवाहक (विजेला रोध न करणाऱ्या आणि चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या) नायोबियम धातूने पूर्ण झाकून क्षेत्राची गळती रोखली होती, तरी परिणाम दिसलाच, आणि फेजमधला फरक दर कड्यागणिक शून्य किंवा π (अर्धे चक्र) एवढाच भरला.

उत्तर २: तरीही स्थानिकतेला (क्रिया जागच्या जागीच घडते या तत्त्वाला) लगेच तिलांजली देऊ नये. भौतिकशास्त्रज्ञ वैडमन यांनी २०१२ मध्ये मांडले की सॉलेनॉइडलाही क्वांटम वस्तू मानल्यास इलेक्ट्रॉनचे क्षेत्र त्यातील विद्युतभारांवर क्रिया करते आणि फेज तिथे उपजते.

उत्तर ३: युक्तिवाद देखणा आहे, पण मध्ये अतिसंवाहक कवच आले की त्याच्या प्रवाहांचाही हिशेब मांडावा लागतो.